पाचवी ते सातवीच्या वर्गात पुस्तक-गट कसा चालवायचा? अनुभव हवेत

सीताफळ | 2 जुलै
नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पहिली ते सातवी, शिक्षक चार. पाचवी, सहावी, सातवी मिळून 41 मुलं माझ्याकडे.

गेल्या वर्षी शनिवारी पुस्तक-गट सुरू केला. पाच-पाच जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक पुस्तक दिलं आणि "वाचा, मग बोलू" असं सांगितलं. जिला चांगलं वाचता येतं तिनं वाचलं, बाकीचे चौघे माना वाकड्या करून पुस्तकात डोकावत राहिले. मग मी विचारलं, "कसं वाटलं?" "छान." "काय आवडलं?" "सगळं." "यातून काय शिकलात?" "नेहमी खरं बोलावं." गोष्ट होती हरवलेल्या चपलेची! त्यात खऱ्या-खोट्याचा विषयच नव्हता. दोन महिन्यांनी गट आपोआप बंद पडला.

यंदा पुन्हा करायचंय, पण नीट. एका पुस्तकाच्या चार-पाच प्रती कुठून आणायच्या? "छान"च्या पुढं मुलांना कसं न्यायचं? ज्यांना अजून धड वाचता येत नाही त्यांचं काय करायचं? आणि दसऱ्यानंतर निम्मा वर्ग आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो, मग गट टिकवायचा कसा? ज्यांनी वर्गात खरोखर केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

पेन्सिल | 2 जुलै
"यातून काय शिकलात" हा प्रश्न आधी काढून टाका. परिपाठात रोज बोधकथा होते, तिच्या शेवटी तात्पर्य असतं, म्हणून मुलांना वाटतं की गोष्ट म्हणजे तात्पर्यावर घातलेलं पांघरूण. तुमच्या मुलांनी खरं बोलावं म्हटलं कारण बहुतेक वेळा तेच उत्तर बरोबर येतं. हुशारच आहेत ती.

मी पुण्यात मराठी माध्यमाच्या सहावीला शिकवते. आमच्या गटात तात्पर्य या शब्दाला बंदी आहे, मला आणि मुलांना दोघांनाही.

ग्रंथाळू | 2 जुलै
प्रतींपुरतं बोलते, बाकीचं शिक्षक लोक सांगतील.

प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ 2015 पासून आहे. त्यावर मराठी गोष्टी भरपूर आहेत, त्या फुकट उतरवून घेता येतात आणि छापून वाटायला परवानगी आहे. गोष्टींच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, त्यामुळे पाचवीतल्या कच्च्या वाचकाला पहिल्या-दुसऱ्या पातळीचं देता येतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत आहेत. एकेक गोष्ट काढून झेरॉक्स केली की चार पानांत काम होतं. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं अजूनही स्वस्त आहेत, एकाच्या पाच प्रती घेणं परवडतं.

तेही जमत नसेल तर पाच जणांना पाच वेगळी पुस्तकं द्या, पण विषय एकच ठेवा. आजी, पाऊस, हरवलेलं जनावर, काहीही. "तुझ्या पुस्तकातली आजी कशी आहे?" हा प्रश्न खरा असतो, कारण विचारणाऱ्यानं ते पुस्तक वाचलेलं नसतं.

तिसरीची_आई | 3 जुलै
ग्रंथाळूताईंचा शेवटचा मुद्दा फार आवडला. वाचनखूण साठवली.

खडू_फळा | 3 जुलै
थोडं विरोधी बोलतो, राग मानू नका. मी तालुक्याच्या शाळेवर आहे. मुलांना कितपत वाचता येतं ते तपासणारे 'असर'चे अहवाल 2005 पासून येतायत आणि दरवेळी तेच दिसतं, पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. माझ्याच वर्गात 34 पैकी 11 जण जोडाक्षराशी अडतात. त्यांना अगोदर वाचायला शिकवायचं की गोल करून बसवून गोष्टीवर चर्चा करायची? ताईंच्या गटात एकीनं वाचलं आणि चौघं डोकावली, हे त्याचंच लक्षण आहे. वाचता येणाऱ्यांचा उत्सव होतो आणि न येणारे आणखी मागं पडतात. मी हे डोळ्यानं बघितलंय, म्हणून पोटतिडकीनं लिहितोय.

धारणीकर | 3 जुलै
खडूसर, तुमची काळजी खरी आहे, पण क्रम उलटा लागतोय असं मला वाटतं.

मी मेळघाटात आहे. माझ्या मुलांची घरची भाषा कोरकू. पहिली तीन वर्षं मी "आधी मराठी वाचन पक्कं, मग गोष्टी" असंच करत होतो. मुलं अक्षरं ओळखायची, शब्द जोडायची आणि पान संपलं की चेहरा कोरा. वाचण्यासारखं काही तिथं असतं हेच त्यांना कळलेलं नव्हतं. मग मी स्वतः मोठ्यानं वाचायला लागलो. एक पुस्तक, एक प्रत, मी वाचतो, सगळे ऐकतात. बोलायचं मात्र कोरकूत. सुरुवातीला मला निम्मंच समजायचं आणि मुलं मला समजावून सांगायची. ज्याला वाचता येत नव्हतं तो पोरगा गोष्टीवर सगळ्यात जास्त भांडायचा. मग एक दिवस म्हणाला, कालचं पान दाखवा, तिथं तसं लिहिलेलं नाही. पान बघायची गरज त्याला तेव्हा पहिल्यांदा पडली.

सीताफळताई, तुमच्याकडं तांड्यावरची मुलं असतील तर त्यांना गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलू द्या. गटात मराठीची सक्ती नको.

खडू_फळा | 3 जुलै
पटतंय थोडं. पण मोठ्यानं वाचून दाखवणं वेगळं आणि पुस्तक-गट वेगळा. माझा आक्षेप गटावर आहे.

निवृत्त_गुरुजी | 4 जुलै
माझी 36 वर्षं नोकरी झाली. ज्या शाळांवर होतो त्यातल्या बहुतेक ठिकाणी पुस्तकं होती आणि त्यांना कुलूप होतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकं हवीत. पुस्तकं येतात. येतात आणि डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीला, चढतात. मग फाटलं तर कोण भरणार या भीतीनं कपाट बंद. एका शाळेवर चार्ज घेतला तेव्हा कपाटातली पुस्तकं इतकी नवी होती की पानं एकमेकांना चिकटलेली, आणि तळाशी वाळवी. मुलांच्या हातून एकही फाटलं नव्हतं, वाळवीनं मात्र साठ खाल्ली होती.

फाटलेल्या पुस्तकाचं निर्लेखन करता येतं, म्हणजे ते नोंदवहीतून रीतसर कमी करता येतं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, यादी जोडा, वरिष्ठांची मंजुरी घ्या. मी ते दरवर्षी न चुकता केलं. कपाटाची किल्ली सातवीच्या दोन मुलींकडं द्या आणि देवघेवीची वही त्यांनाच लिहू द्या. माझ्या अनुभवात पुस्तकं हरवली, पण वर्षाला पाच-सातच्या वर कधी नाही.

पेन्सिल | 4 जुलै
गुरुजी, साष्टांग नमस्कार. ही निर्लेखनाची पद्धत स्वतंत्र धाग्यात लिहाल का? आमच्याकडं कुणालाच माहीत नाही.

हडसनकाठ | 5 जुलै
मी न्यूजर्सीत पाचवीच्या वर्गाला शिकवते. इथं हा प्रकार फार रुळलेला आहे, त्याचे गुण-दोष दोन्ही सांगते.

शिकागोचे हार्वी डॅनियल्स यांनी 1994 मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि शाळाशाळांतून मुलांची वाचन-वर्तुळं सुरू झाली. चार-पाच मुलं एकच पुस्तक निवडतात, आठवड्याला ठरावीक पानं वाचतात आणि प्रत्येकाकडं एक काम असतं. एकजण प्रश्न आणतो, एकजण अवघड शब्द शोधतो, एकजण चित्र काढतो, एकजण गोष्टीचा आपल्या जगण्याशी संबंध जोडतो. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? मुलं कामाचा कागद भरून आणतात आणि पाळीपाळीनं वाचून दाखवतात. शब्दवाला शब्द वाचतो आणि बसतो. कुणी कुणाला उत्तर देत नाही. 2002 च्या आवृत्तीत डॅनियल्स यांनी स्वतःच बजावलं की हे कागद सुरुवातीचा आधार म्हणून आहेत, लवकर बाजूला ठेवा. मला ते उमगायला चार वर्षं लागली.

आता मी ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांचे चार साधे प्रश्न वापरते. काय आवडलं? काय आवडलं नाही? काय कोड्यात टाकणारं वाटलं? काय काय एकमेकांशी जुळतंय? पहिल्या प्रश्नाला "सगळं" येतं. दुसऱ्यावर मुलं बिचकतात, कारण पुस्तकाला नावं ठेवायची परवानगी त्यांना कुणी दिलेली नसते. तिसऱ्या प्रश्नाला गट जिवंत होतो.

एक छोटी युक्ती. वाचताना जिथं अडलं, हसू आलं, पटलं नाही, तिथं मुलांना कागदाची चिठ्ठी ठेवायला सांगा. वर काही लिहायचं नाही, फक्त एक खूण. गटात बसल्यावर चिठ्ठीचं पान उघडायचं. बोलायला विषय आयता मिळतो. आणि शिक्षकानं पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही.

मधला_बाक | 5 जुलै
"शिक्षकानं दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही." आमच्या खात्यात यासाठी वेगळं प्रशिक्षण ठेवावं लागेल, सात दिवसांचं निवासी! :)

मांडवी | 6 जुलै
गोव्यातून लिहितेय. आमच्याकडं बुकवर्म ही संस्था 2005 पासून मुलांच्या वाचनावर काम करते, शाळांमध्ये जाऊन ग्रंथालयाचा तास घेते. त्यांचं काम बघून एक गोष्ट मी उचलली, पुस्तक निवडताना मुलांना हाताळू द्यायचं. माझ्या चौथीच्या वर्गात सतरंजीवर पंधरा पुस्तकं मांडते, मुलं फिरतात, उघडतात, चित्रं बघतात, खाली ठेवतात. मग तीन पुस्तकांवर हात वर करायचे. जे ठरेल ते वाचायचं. एकदा मला अगदीच सामान्य वाटणारं पुस्तक निवडलं गेलं. महिनाभर त्यावर बोलत होती मुलं.

वाटसरू | 6 जुलै
भिलारला सहल काढा! पुस्तकांचं गाव, महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर. 2017 च्या मे महिन्यात सुरू झालं, घराघरांत पुस्तकं आहेत, कुणीही बसून वाचावं. मुलं वेडी होतील.

निवृत्त_गुरुजी | 6 जुलै
गेलो होतो. एका घराच्या पडवीत दुपारभर बसून वाचलं, घरच्या बाईंनी मध्ये पाणी आणून दिलं. स्ट्रॉबेरी खाल्ली ती वेगळीच.

तिसरीची_आई | 6 जुलै
अवांतर: माझी लेक एकच पुस्तक गेले चार महिने रोज वाचतेय. दुसरं हातात घेत नाही. काळजी करू का?

ग्रंथाळू | 7 जुलै
अजिबात नको. शंभरदा वाचू दे. तिला त्यात अजून काहीतरी सापडतंय.

पेन्सिल | 7 जुलै
मूळ विषयावर येते. लांब पुस्तक घ्यायचं असेल तर 'तोत्तोचान'चं मराठी भाषांतर सुचवते, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे. जपानमधली आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा, आणि प्रकरणं दोन-तीन पानांची. दर शुक्रवारी मी एक वाचते. त्यातले मुख्याध्यापक डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं आणायला सांगतात. पुढच्या शुक्रवारी आमच्या मुलांनी स्वतःहून डबे मांडले आणि वाद सुरू झाला. शेंगदाण्याची चटणी डोंगरावरची का? पुण्यात समुद्रातलं आणायचं काय? शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मीठ!" प्रत्येकाच्या डब्यात समुद्र निघाला. मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

सीताफळ | 24 ऑगस्ट
धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार. सांगण्यासारखं बरंच आहे.

स्टोरीवीव्हरवरून बैलगाडीची एक गोष्ट काढली, सोळा पानांची. मुख्याध्यापकांनी शाळेच्या अनुदानातून आठ प्रतींच्या झेरॉक्सचे पैसे दिले. मांडवीताईंसारखी सतरंजी मांडली, तीन गोष्टींतून मुलांनी हीच निवडली. दोघांत एक प्रत, एक वाचणारा आणि एक बोट फिरवणारा, पान उलटलं की अदलाबदल. जुन्या दिनदर्शिका कापून चिठ्ठ्या केल्या. शनिवारी दप्तर नसतं, तेव्हा दोन तासिका मिळतात.

पहिले दोन शनिवार "छान"च होतं. मी गप्प बसले, मुलंही गप्प बसली. घड्याळाकडं बघणं फार जड गेलं.

तिसऱ्या शनिवारी सहावीतल्या एका मुलाची चिठ्ठी नवव्या पानावर होती. हा मुलगा जोडाक्षर आलं की थांबतो, गेल्या वर्षी गटात कधीच बोलला नव्हता. वडील बैलगाडी घेऊन ऊस वाहतात. त्यानं पान उघडलं आणि म्हणाला, "ह्या जुवाला शिवळाच नाहीत. बैल मान काढून पळंल." सगळे चित्रावर वाकले. खरंच नव्हत्या. जुवाच्या दोन्ही टोकांना शिवळा, म्हणजे खुंट्या, लागतात, त्याशिवाय बैलाची मान त्यात राहत नाही. मी त्याच मुलखात राहते आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. एकजण म्हणाला, चित्र काढणाऱ्यानं बैल बघितलाच नसंल. तेवढ्यात पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणूनच शेवटी गाडी उलटली आसंल." गोष्टीत गाडी उलटते, का उलटते ते लिहिलेलं नाही.

मग जे सुरू झालं ते! निम्मे म्हणाले शिवळांमुळं, निम्मे म्हणाले चिखलामुळं. आणि तो मुलगा म्हणाला, थांबा, चिखल कुठंय ते बघतो. त्यानं बोट ठेवून पान वाचलं. 'घसरगुंडी'वर थांबला, 'रस्त्यावर'ला दोनदा अडला, पण शेवटपर्यंत वाचलं आणि मान वर करून म्हणाला, "चिखल हाय, पण गाडी उलटल्यावर. आधी न्हाई." मी खडूचा तुकडा मुठीत घट्ट धरून बसले होते, घंटा झाली तेव्हा त्याचा भुगा झालेला.

धारणीकर | 24 ऑगस्ट
डोळ्यांत पाणी आलं. बस्स.

खडू_फळा | 25 ऑगस्ट
ताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. दोघांत एक प्रत आणि अदलाबदल, ही मला हवी असलेली गोष्ट होती. यात न वाचणारा सुटत नाही. माझा आक्षेप मी मागं घेतो. माझ्या अकरा मुलांसाठी जनावरांच्या गोष्टी शोधतोय, कारण त्यातले सात जण शेळ्या राखतात.

एक शंका मात्र राहते. चित्रकाराची चूक आणि त्यावरून गोष्टीचा अर्थ लावणं, हे चालेल का? लेखकाच्या मनात ते नव्हतंच.

हडसनकाठ | 25 ऑगस्ट
चालेल, कारण मुलगा पानावर परत गेला. मनाला येईल तो अर्थ लावला असता तर मी अडवलं असतं. त्यानं पुरावा शोधला आणि स्वतःच्याच बाजूनं निकाल लावायला तो कामी आला! माझ्या वर्गात हे घडायला कधीकधी मार्च उजाडतो.

सीताफळ | 9 ऑक्टोबर
आता शेवटचा प्रश्न समोर उभा आहे. 41 पैकी 19 जणांची घरं निघायच्या तयारीत आहेत. काहीजण मागं राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर आजी-आजोबांजवळ राहतील, पण अकरा-बारा जण जाणारच. मार्च-एप्रिलपर्यंत फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी. शिवळांवाला मुलगाही जाणार. मला विचारत होता, गट बंद होणार का.

निवृत्त_गुरुजी | 9 ऑक्टोबर
कपाटातली पुस्तकं देऊ नका, डेडस्टॉकचा घोळ होईल आणि पुढच्या वर्षी कपाटाला पुन्हा कुलूप लागेल. झेरॉक्सच्या प्रती द्या, त्यांची नोंद कुठंच नसते. परत नाही आल्या तरी आनंद माना.

ग्रंथाळू | 9 ऑक्टोबर
गुरुजींशी सहमत. आणि जोड्या लावा. एक मुलगा फडावर, एक शाळेत, दोघांकडं तीच गोष्ट. रविवारी दोघांनी ठरलेली पानं वाचायची आणि फोनवर एकमेकांना चिठ्ठीचं पान सांगायचं. तुमच्यामार्फत नको, थेट.

सीताफळ | 15 डिसेंबर
जोड्या अकरा लावल्या होत्या. सहा चालू आहेत. चार जणांचे फोन लागत नाहीत. एक कुटुंब फड बदलून कुठं गेलं ते गावातही कुणाला सांगता येईना, त्या मुलीची फार काळजी वाटते.

शिवळांवाला बेळगावकडं आहे. परवा त्यानं वडिलांच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, कुणीतरी चुलीला फुंकतंय, आणि हा कोपीसमोर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीसमोर, बसून मोठ्यानं वाचतोय. सव्वाचार मिनिटं. जोडाक्षराला अजून थांबतो, पण पाठीमागून एक बारीक आवाज येतो, "म्होरं?" म्हणून पुन्हा सुरू करतो. शाळेतल्या त्याच्या जोडीदारानं ते सगळ्या वर्गाला ऐकवलं.

त्याच्याभोवती संध्याकाळी शेजारच्या कोप्यांतली चार लहान मुलं बसतात म्हणे. त्यांना त्याच्या गोष्टी मोठ्या होतात. मजुरांना फडावर नेणाऱ्या मुकादमाची गाडी बुधवारी तिकडं जाणार आहे, तिच्यातून पाठवता येईल. पहिल्या पातळीच्या, मोठ्या अक्षरांच्या आठेक गोष्टी कुणी निवडून द्याल का? माझ्याकडं निवडायला वेळ नाही, छापून घेईन.

ग्रंथाळू | 15 डिसेंबर
आज रात्री यादी टाकते, त्यात बैलांच्या दोन गोष्टी घेते. झेरॉक्स पाठपोट काढा आणि पानं दोऱ्यानं शिवा, स्टेपलर नको. उघड्यावर दवानं पिना गंजतात.